डबल फुलांची वंशकथा

रानगुलाबाला बहुधा पाचच पाकळ्या असतात. बाजारातल्या गुलाबाला वीस-पंचवीसपासून शंभरापर्यंत, कधी त्याहूनही जास्त असतात. या जादा पाकळ्या बहुतांशी पुंकेसरांच्या जागी आलेल्या असतात. माळ्यांच्या भाषेत हे डबल फूल. ते जितके भरगच्च, तितका त्यात पराग कमी. आणि टोकाला गेलेल्या डबल फुलात पुंकेसर नसतात, स्त्रीकेसर नसतो, त्यामुळे बीही धरत नाही. रानात अशा झाडाचा वंश त्याच्याबरोबरच संपतो. तरीही डबल गुलाब, कार्नेशन, स्टॉक, पिओनी शतकानुशतके टिकून राहिली, कारण माणसाला ती आवडली आणि ती टिकवण्याच्या युक्त्या त्याने शोधून काढल्या. फुलशेतीच्या इतिहासाचा मोठा भाग या युक्त्यांनी व्यापलेला आहे. पाकळी घडते कशी, या प्रश्नाचा उलगडाही बऱ्याच अंशी याच बिनबियाच्या फुलांमुळे झाला.

सर्वांत जुनी आणि सोपी युक्ती फांदी लावण्याची. हेरोडोटसने इ.स.पू. पाचव्या शतकात मॅसेडोनियातील मिडास राजाच्या बागांचे वर्णन केले, त्यात साठ पाकळ्यांच्या सुगंधी गुलाबांचा उल्लेख आहे. शतकभराने थिओफ्रास्टसने वनस्पतींवरील ग्रंथात अधिक नेमके लिहिले: बहुतेक गुलाबांना पाच पाकळ्या, काहींना बारा किंवा वीस, आणि काहींना तर लोक शंभर पाकळ्यांचे म्हणतात. असे गुलाब फिलिप्पी गावाच्या आसपास जास्त. तिथले लोक ते पँगेअस डोंगरावरून आणून लावत. बियांपासून गुलाब फार सावकाश वाढतो, म्हणून खोडाचे तुकडे करून लावतात, हेही त्याने नोंदवले आहे. तुकड्यापासून वाढलेले झाड मूळ झाडाची हुबेहूब प्रत असते. बी धरले नाही तरी मग बिघडत नाही. चीनमध्ये हेच काम कलमाने झाले. अकराव्या शतकात ओऊयांग शिऊ याने लोयांग शहरातील पिओनींची नोंद लिहिली, तेव्हा तिथे कलम बांधणे हा स्वतंत्र कसबाचा धंदा झाला होता आणि याओ घराण्याची पिवळी पिओनी सर्वांत मानाची समजली जात होती.

वर्षायू झाडांना हा उपाय लागू पडत नाही. हंगाम संपला की झाड मरते. फांदी लावून वर्षानुवर्षे चालवता येत नाही. अशा झाडाचे वांझ फूल पुढच्या वर्षी पुन्हा मिळवायचे कसे, हा खरा अवघड प्रश्न होता. त्याचे सर्वांत देखणे उत्तर जपानमध्ये मिळाले.

आसागाओ हा वेल आपल्याकडे ज्याच्या बियांना काळादाणा म्हणतात तोच. जपानमध्ये तो आठव्या शतकाच्या सुमारास चीनमधून रेचक औषध म्हणून गेला आणि हजारेक वर्षे साध्या निळ्या, कर्ण्यासारख्या फुलांचा वेल म्हणून राहिला. एदो, म्हणजे आजचे तोक्यो, 1806 साली मोठ्या आगीत जळाले. जळिताने मोकळ्या पडलेल्या जागांवर शिताया भागातील माळ्यांनी आसागाओ लावायला सुरुवात केली, आणि तिथून या वेलाचे वेड लागले. पहिली लाट 1804 ते 1830 या बुंका-बुन्सेई काळातली, दुसरी 1848 ते 1860 मधली. पाने दोऱ्यासारखी, फुले चिरफाळलेली, पाकळ्या उलट्या वळलेल्या, किंवा पिओनीसारखी भरगच्च: ओळखू येणार नाहीत अशा रूपांची स्पर्धा लागे आणि त्यांची रंगीत चित्रांची पुस्तके छापली जात. 1854 मधील छत्तीस निवडक फुलांचे पुस्तक त्यांपैकी प्रसिद्ध आहे.

या फुलांतील सर्वांत विलक्षण ती सगळी वांझ. त्यांचे बी मिळत नाही, हे माळ्यांना पक्के ठाऊक होते. पण त्याच शेंगेतून, म्हणजे त्याच आईबापांपासून उगवलेली साधी दिसणारी भावंडे बी धरतात, आणि त्यांपैकी काहींच्या बियांतून पुढच्या वर्षी पुन्हा ते वांझ रूप बाहेर येते, हेही त्यांच्या लक्षात आले होते. म्हणून प्रत्येक साध्या झाडाचे बी वेगळ्या पुडीत ठेवायचे, पुढच्या हंगामात प्रत्येक पुडीतले थोडे पेरून पाहायचे, आणि ज्या पुडीत चमत्कारिक रोप निघेल ती पुडी जपायची. नवख्याला सगळी रोपे सारखी दिसत, पण जाणता माळी पहिल्या दोन बीजपत्रांच्या आकारावरून पाने आणि फुले कशी येतील ते ओळखे, आणि नको असलेली रोपे तिथेच उपटून टाकी. लपलेला गुण साध्या भावंडांतून चालवण्याची ही रीत आज अप्रभावी जनुक सांभाळण्याची रीत म्हणून शिकवली जाते. मेंडेलचा वाटाण्यावरचा निबंध 1866 सालचा. एदोच्या माळ्यांची दुसरी लाट त्याआधीच ओसरली होती. त्यांनी प्रमाणे मोजली नाहीत, नियम मांडला नाही, पण नियमाने जे करायला सांगितले असते ते सगळे ते करत होते. आनुवंशिकीच्या इतिहासात त्यांना मिळते त्याहून मोठी जागा मिळायला हवी.

युरोपातील विद्वानांनी डबल फुलांकडे बराच काळ नाक मुरडूनच पाहिले. लिनियसने 1735 मध्ये वनस्पतींचे वर्गीकरण मुख्यतः पुंकेसरांच्या संख्येवर बसवले. ज्या फुलात पुंकेसरच उरलेले नाहीत ते कोणत्या वर्गात घालणार? त्याच्या लेखी ती विकृती होती. रूसोने 1770 च्या दशकाच्या सुरुवातीला एका स्नेही बाईंना वनस्पतिशास्त्र शिकवण्यासाठी पत्रे लिहिली, त्यांतही डबल फुलांच्या वाटेला जाऊ नका, त्यांत निसर्ग सापडणार नाही, असा इशारा आहे.

याला छेद दिला तो गोएटेने. 1790 मध्ये त्याने वनस्पतींच्या रूपांतरणावर 123 लहान परिच्छेदांचे पुस्तक काढले. निदले, पाकळ्या, पुंकेसर, स्त्रीकेसर ही सगळी एकाच मूळ अवयवाची, पानाची, बदललेली रूपे आहेत, हा त्याचा मुद्दा. कास्पार फ्रीडरिख वोल्फने काहीसे असेच आधी म्हटले होते. गोएटेने मात्र पुरावा म्हणून पुढे केली ती नेमकी विकृत म्हणून टाकलेली फुले. डबल फुलात पुंकेसर मागे फिरून पाकळी होतो, अर्धा पुंकेसर आणि अर्धी पाकळी असे अवयवही मध्ये सापडतात. म्हणजे दोघांचे मूळ एकच. त्याने आणखी एक चमत्कारिक गुलाब वर्णिला आहे, ज्याच्या मध्यभागातून स्त्रीकेसराऐवजी नवी दांडी निघून पुढे वाढत गेली होती. फूल म्हणजे फांदीचा शेवट. इथे मात्र तो शेवट होतच नव्हता. या निरीक्षणाचे महत्त्व कळायला पुढे दोनशे वर्षे जावी लागली.

याच काळात युरोपच्या बाजारात स्टॉक नावाच्या फुलाचा मोठा व्यापार होता. मोहरीच्या कुळातले हे झाड. लवंगेसारखा वास, उभ्या दांडीवर गच्च फुले. जर्मनीतील एर्फुर्ट शहर त्याच्या बियांसाठी नावाजलेले होते. डबल स्टॉक पूर्ण वांझ: ना पुंकेसर, ना स्त्रीकेसर. पण एकेरी स्टॉकचे बी पेरले की निम्मी किंवा त्याहून थोडी जास्त झाडे डबल निघत, आणि हे पिढ्यानपिढ्या चाले. एकेरी झाडाची निम्मी संतती डबल, डबलला संतती नाही, उरलेल्या एकेरींची पुन्हा निम्मी डबल. असे का होते हे कोणालाच सांगता येत नव्हते. खत भरपूर द्या, बी जुने करून पेरा, अमुक तिथीच्या चंद्रावर पेरा, एकेरी फुलांचे पुंकेसर खुडा, असे नाना उपाय सांगितले जात. डार्विनलाही हे फूल महत्त्वाचे वाटले. वांझ कामकरी मुंग्यांचे गुण पिढ्यानपिढ्या कसे टिकतात या कोड्याशी त्याने ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या नंतरच्या आवृत्त्यांत डबल स्टॉकची तुलना केली: वांझ फुलाचा गुण त्याच्या एकेरी भावंडांतून चालतो.

कोडे सुटले ते केंब्रिजमध्ये. एडिथ रिबेका साँडर्स न्यूनहॅम कॉलेजात शिकल्या आणि बाल्फर प्रयोगशाळेच्या प्रमुख झाल्या. ही प्रयोगशाळा खास स्त्रियांसाठी होती, कारण विद्यापीठाचे दरवाजे त्यांना पुरते उघडे नव्हते. 1900 मध्ये मेंडेलचे काम नव्याने उजेडात येण्याच्या आधीपासूनच साँडर्स आणि विल्यम बेटसन वनस्पतींचे संकर करत होते. स्टॉकवर साँडर्स यांनी अनेक वर्षे घालवली. झाडे वाढवायची, संकर करायचे, हजारो रोपे मोजायची. त्यांच्या आणि नंतरच्या कामातून जे चित्र स्पष्ट झाले ते असे. प्रत्येक एकेरी झाडात त्या जनुकाच्या दोन प्रती: एक एकेरीपणाची, एक डबलपणाची. एकेरीपणाची प्रत प्रभावी, म्हणून झाड एकेरी दिसते. बीजांडांत दोन्ही प्रती निम्म्या-निम्म्या उतरतात. परागात मात्र एकेरीपणाची प्रत असलेले कण निकामी ठरतात, कारण त्या प्रतीला गुणसूत्रावर चिकटूनच परागाला मारक असा दुसरा दोष बसलेला असतो. म्हणजे पराग सगळा डबलपणाचा. निम्म्या बीजांडांशी जुळून तो डबल झाडे देतो, उरलेल्या निम्म्यांशी जुळून पुन्हा आईसारखीच मिश्र एकेरी झाडे. चंद्र, खत, जुने बी यांचा काही संबंध नव्हता. माळ्यांनी नकळत एक दुर्मीळ जोडगोळी निवडून ठेवली होती, आणि ती जोडगोळीच त्यांचा धंदा चालवत होती. पुढे काही वाणांत डबल रोपांची पाने फिकट असतात हे हेरले गेले. मग एकेरी रोपे लहानपणीच काढून टाकून सगळा वाफा डबलचा करता येऊ लागला.

साँडर्स यांनी 1910 मध्ये पेट्युनियावरही निबंध लिहिला, आणि तिथे नेमका उलटा प्रकार दिसला. पेट्युनियात डबलपणा प्रभावी आहे. डबल पेट्युनियाचा स्त्रीकेसर सहसा कामाचा नसतो, पण जादा पाकळ्यांमध्ये थोडे पुंकेसर उरतात आणि त्यांचा पराग चांगला असतो. तो एकेरी फुलावर लावला की संततीत डबल झाडे मिळतात. एकाच रूपाची दोन फुले, आणि आनुवंशिकतेचे दोन वेगळे मार्ग. कार्नेशनमध्येही डबलपणा पेट्युनियासारखा प्रभावी निघाला. जपानच्या साकाता बियाणे कंपनीने 1930 च्या दशकात याच ज्ञानावर सगळीच झाडे डबल देणारे पेट्युनियाचे संकरित बी बाजारात आणले आणि जगभर विकले. पराग देणाऱ्या झाडात दोन्ही प्रती डबलपणाच्या असल्या की एकेरी आईची शंभर टक्के संतती डबल होते. या बियाण्याचे गुपित एवढेच.

एकाच रूपाला दोन मार्ग का, याचे उत्तर मिळायला आधी साध्या फुलाचे गणित कळणे गरजेचे होते. ते कळले दोन झाडांवरून. एक स्नॅपड्रॅगन, बागेतले जुने फूल. दुसरे अॅराबिडॉप्सिस, मोहरीच्या कुळातले बोटभर तण. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अलेक्झांडर ब्राउन याला 1873 मध्ये बर्लिनजवळ या तणाचे डबल फुलांचे एक झाड सापडले होते. शंभर वर्षांनंतर तोच बिघाड प्रयोगशाळांत पुन्हा पुढे आला आणि त्याला अॅगॅमस हे नाव मिळाले. या फुलात पुंकेसरांच्या जागी पाकळ्या येतात, आणि मध्यभागी स्त्रीकेसराऐवजी पुन्हा निदले-पाकळ्या-पाकळ्या असे नवे फूल सुरू होते, त्याच्या आत आणखी एक. गोएटेच्या न संपणाऱ्या गुलाबाचेच हे रूप.

कॅलिफोर्नियात एलियट मेयेरोवित्झ, जॉन बोमन आणि डेव्हिड स्मिथ यांनी अशा बिघाडांचे एकमेकांशी संकर केले. इंग्लंडमधील नॉरिच येथे एन्रिको कोएन आणि कोलोनमधील मॅक्स प्लांक संस्थेतील गट स्नॅपड्रॅगनवर तेच करत होते. 1991 मध्ये कोएन आणि मेयेरोवित्झ यांनी ‘नेचर’मध्ये दोन्हींचा मेळ घातला. फूल म्हणजे एकात एक चार मंडले: निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग. त्यांची ओळख ठरवणारे जनुकांचे तीन गट ए, बी आणि सी. नुसते ए काम करत असेल तर निदल. ए आणि बी मिळून पाकळी. बी आणि सी मिळून पुंकेसर. नुसते सी असेल तर स्त्रीकेसर. ए आणि सी एकमेकांना आपल्या हद्दीत शिरू देत नाहीत, आणि फूल कुठे थांबायचे हेही सी ठरवते. सी बंद पडले की ए थेट मध्यापर्यंत पसरते: पुंकेसराच्या जागी आता ए आणि बी, म्हणजे पाकळी, आणि थांबा सांगणारेच कोणी नाही, म्हणून फुलात फूल. ए गटाचे तंतोतंत हेच रूप सगळ्या झाडांत लागू पडत नाही, हे नंतर दिसले. बी आणि सी मात्र जवळपास सर्वत्र टिकून आहेत. त्या जनुकांचा डीएनए 1990 मध्ये हाती आला होता. ती इतर जनुके चालू-बंद करणारी प्रथिने तयार करतात, आणि यीस्ट, तण, स्नॅपड्रॅगन व माणूस यांच्यातील पहिल्या चार नमुन्यांच्या आद्याक्षरांवरून त्यांच्या कुटुंबाला मॅड्स हे नाव मिळाले.

आता जुन्या बागांकडे वळता आले. क्युशू विद्यापीठातील एइजी नितासाका यांनी 2003 मध्ये दाखवले की आसागाओच्या पिओनीसारख्या फुलात सी गटाच्या जनुकात एक उडते जनुक, म्हणजे जागा बदलणारा डीएनएचा तुकडा, येऊन अडकलेला आहे. आसागाओत असे तुकडे फार, आणि एदोच्या स्पर्धांतील विचित्र रूपांपैकी बरीचशी त्यांच्याच उड्यांतून निघालेली. वांझ स्टॉकमध्येही सी गटाचे तेच जनुक बिघडलेले सापडले. जनुक बंद पडण्याचा बिघाड अप्रभावी असणे साहजिक आहे: दोनपैकी एक प्रत शाबूत असेल तर तिचे प्रथिन काम निभावून नेते, फूल साधे दिसते, आणि गुण लपून राहतो. एदोच्या पुड्या आणि एर्फुर्टचे वाफे या लपण्यावरच चालले होते.

गुलाबाचे उत्तर निराळे निघाले. लिऑनच्या संशोधकांनी 2010 मध्ये दाखवले की डबल गुलाबात सी गटाचे जनुक शाबूत असते, फक्त ते जिथे काम करते ती हद्द आत सरकलेली असते, त्यामुळे बाहेरचे पुंकेसर पाकळ्या होतात. हे युरोपीय आणि चिनी या दोन्ही घराण्यांत स्वतंत्रपणे घडले. मिडासच्या बागेत आणि चीनच्या बागेत माणसाची नजर एकमेकांना न कळता एकाच बदलावर खिळली होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस चिनी गुलाब युरोपात आले, दोन्ही घराण्यांचे संकर झाले, आणि 1867 मध्ये लिऑनच्या गिय्योने ‘ला फ्रान्स’ हा गुलाब आणला. आजच्या हायब्रीड टी गुलाबांची सुरुवात त्याच्यापासून मानतात. चिनी ‘ओल्ड ब्लश’ गुलाबाचा संपूर्ण डीएनए 2018 मध्ये वाचला गेला, तेव्हा हद्द सरकवणारे कारणही सापडले.

झाडात एक जनुक असे आहे की ते पाकळ्यांच्या बाजूने जोर लावते. एरवी एमआयआर 172 नावाचा अगदी छोटा आरएनए त्याच्या संदेशाला चिकटून त्याला लगाम घालतो. डबल गुलाबात या जनुकात एक उडते जनुक शिरल्याने, लगाम जिथे चिकटतो तो भाग संदेशातून गळतो. पीचच्या डबल फुलांत तो भाग डीएनएतूनच नाहीसा झालेला आहे. कार्नेशन आणि पेट्युनियातही त्याच जातीच्या जनुकात त्याच ठिकाणचा बिघाड 2020 पर्यंत स्पष्ट झाला. बेलगाम झालेली एकच प्रत पुरते. दुसरी शाबूत असली तरी ती हिला आवरू शकत नाही. म्हणून हा डबलपणा प्रभावी, आणि सी जनुक मोडलेले नसल्याने थोडे पुंकेसरही उरतात. साँडर्स यांनी वाफ्यात मोजून वेगळे केलेले दोन मार्ग असे शंभरेक वर्षांनी दोन वेगळ्या जनुकांपर्यंत पोचले.

गुलाबाच्या पाकळ्यांची संख्या जनुकांबरोबर हवेवरही अवलंबून असते. कमी तापमानात वाढलेल्या कळ्यांत सी जनुकाच्या डीएनएवर रासायनिक खुणा वाढतात, त्याचे काम मंदावते, आणि पाकळ्या जास्त येतात. थंडीतले गुलाब अधिक भरलेले का दिसतात, याचे एक कारण इथे आहे.

झेंडू, शेवंती, सूर्यफूल यांच्या भरगच्चपणाचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. त्यांचे ‘फूल’ म्हणजे शेकडो लहान फुलांचा गुच्छ. कडेची फुले जिभेसारखी लांब, मधली नळीसारखी. डबल वाणात मधली फुलेही कडेच्या फुलांसारखी लांबतात. व्हॅन गॉगने 1888 मध्ये आर्ल येथे रंगवलेल्या सूर्यफुलांत अशी गच्च फुले ठळक दिसतात, आणि 2012 मधील अभ्यासाने त्यामागे फुलाची सममिती ठरवणाऱ्या सायक्लॉइडिया गटातील जनुकाचा बिघाड असल्याचे दाखवले. एबीसीचा त्याच्याशी थेट संबंध नाही.

महाराष्ट्रातल्या बागांत आणि फुलबाजारांत एकेरी आणि डबल अशी दोन्ही रूपे शेजारी नांदतात: जास्वंद, तगर, कण्हेर, मोगरा. जास्वंदीत हा फरक डोळ्यांनी तपासता येतो. एकेरी जास्वंदीच्या मधोमध लांब दांडा असतो आणि त्यावर परागाच्या पिवळ्या गाठी. डबल जास्वंद उलगडून पाहिली तर त्या दांड्यावरच लहान-मोठ्या पाकळ्या फुटलेल्या दिसतात, आणि काहींच्या टोकाला अजून परागाची गाठ चिकटलेली असते. गोएटेने पुरावा म्हणून दाखवलेला अर्धा पुंकेसर तो हाच. ही झाडे फांदीने किंवा गुटीने लावतात, त्यामुळे बियांची अडचण येत नाही. मूळचा मेक्सिकोचा निशिगंध कंदांपासून लावतात, आणि त्यात दोन्ही रूपांना स्वतंत्र गिऱ्हाईक आहे. एकेरीला सहा पाकळ्या. त्याची सुटी फुले वेणी-हारांना आणि अत्तराच्या अर्काला जातात. डबलच्या दांड्या फुलदाण्यांसाठी विकल्या जातात. बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने एकेरी आणि डबल यांचा संकर करून ‘शृंगार’ आणि ‘सुवासिनी’ हे वाण काढले. पहिला एकेरी, दुसरा डबल.